अकरा महिने, एक मेंटॉर आणि कमी पडलेलं एक क्रेडिट

कॉलेजने नेमून दिलेल्या मेंटॉरबद्दल, म्हणजे अभ्यासात वाट दाखवायला दिलेल्या प्राध्यापकाबद्दल, हा माझा अनुभव आणि पाचातले गुण. पुण्यात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करतेय. कॉलेजचं नाव लिहीत नाही, तिथे अजून एक वर्ष काढायचंय.

प्रवेश घेतला तेव्हाच प्रत्येकाला मेंटॉर नेमून दिला. माझ्या वाट्याला एक मॅडम आल्या आणि त्यांच्यासोबत मेंटॉर-मेंटी डायरी, म्हणजे भेटींची नोंदवही. सक्तीची, १८० रुपये. कव्हर लॅमिनेटेड! कागदाला चिकटवलेलं प्लास्टिक सुटं होत नाही, म्हणून असा कागद रद्दीवालाही नाखुशीने घेतो, हे पहिल्या सत्रात शिकायचं आणि सहीला तेच बाड घेऊन जायचं. आत रक्तगट, छंद, ‘जीवनातील ध्येय’. पानं १४४. महिन्याला एक भेट, भेटीला अर्धं पान, म्हणजे दोन वर्षांत भरणार १२ पानं. बाकीच्या १३२ पानांचे पैसे कशाचे, हे मी ऑफिसात विचारलं. ‘सगळे घेतात’ असं उत्तर मिळालं.

भेटी म्हणाल तर: ‘काही अडचण?’ ‘नाही मॅडम.’ सही. त्यांच्याकडे आमच्यासारखे तीसेक जण, त्यात नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली, त्यामुळे राग धरला नाही.

राग आला तो दुसऱ्या सत्राच्या निकालानंतर. इलेक्टिव्हच्या, म्हणजे निवडीच्या पेपरच्या, जागी स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा एनपीटेलचा १२ आठवड्यांचा कोर्स चालेल का, असं मॅडमना जानेवारीत विचारलं होतं. ‘करून टाक, क्रेडिट ट्रान्सफर होतात,’ त्या म्हणाल्या. (क्रेडिट म्हणजे पदवीसाठी जमवायची अभ्यासाची एककं.) केला. परीक्षेचे १००० रुपये भरले, ७५ पैकी ५८ पडले. मग खिडकीवर कळलं की १२ आठवड्यांना ३ क्रेडिट आणि आमचा पेपर ४ चा. उरलेल्या एकासाठी आता ४ आठवड्यांचा आणखी एक कोर्स, आणखी १०००. वर्गात बसले असते तर फुकटात झालं असतं. तो जानेवारीचा सल्ला डायरीत आहे, खाली सही आहे, आणि त्याचा कुठेही उपयोग नाही. त्या संध्याकाळी हे लिहायला घेतलं तेव्हा पाचात एक देणार होते.

पण ओजेटीबद्दल, म्हणजे बाहेर जाऊन करायच्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाबद्दल, लिहायला बसले आणि हात अडला. ४ क्रेडिट, १२० तास. वर्गातले बरेच जण मोठ्या कंपन्यांच्या सीएसआरला, म्हणजे समाजकार्याच्या विभागात, गेले आणि वृक्षारोपणाचे फोटो काढून आले. मॅडम मला म्हणाल्या, ‘तू भोसरीत एखादी छोटी फाउंड्री, धातूच्या ओतकामाचा कारखाना, गाठ. बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल, मोठ्या लिस्टेड कंपन्यांना भरावा लागतो, पण त्या आकडे मागतात या छोट्या पुरवठादारांकडे, आणि यांच्याकडे ते काढणारं कुणी नसतं.’ अगदी तसंच निघालं. मालकाकडे ग्राहक कंपनीची, उत्सर्जनाचे आकडे मागणारी एक्सेल शीट तीन महिने पडून होती. डिझेलचा हिशेब सोपा, लिटरला साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड. विजेची वर्षभराची बिलं बेरजेला घेतली, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा ग्रिडचा गुणक (विजेच्या युनिटमागे किती उत्सर्जन) लावला आणि तक्ता मॅडमना दाखवला. त्यांनी तीन मिनिटांत बिल उलटं माझ्याकडे फिरवलं. ‘ही युनिटं केव्हीएएच आहेत, गुणक केडब्ल्यूएचला लागतो. खालची ओळ वाच.’ केडब्ल्यूएच म्हणजे प्रत्यक्ष वापरलेली वीज, केव्हीएएचचा आकडा सहसा त्याहून मोठा; बिलिंग केव्हीएएचवर होतं हे मला माहीतच नव्हतं. तसाच तक्ता गेला असता तर त्या कारखान्याच्या नावावर न केलेलं उत्सर्जन चढलं असतं.

म्हणजे बाईंना विषय कळतो, नियमावली कळत नाही. नव्या मुलांनी विषयाचं मेंटॉरला विचारावं. क्रेडिटचं मात्र परीक्षा विभागाकडून लेखी घ्यावं, कोर्सला नाव नोंदवायच्या आधी.

आता पाचात साडेतीन. अर्धा डायरीसाठी कापलाय.

कालच नोटीस लागली: दुसऱ्या वर्षासाठी नवीन डायरी, २०० रुपये. जुनीची १३८ पानं कोरी आहेत. मी तीच नेणार आहे.