प्रीमियर पद्मिनी: मूळचे ड्रम की पुढे डिस्क?

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक: चाकासोबत फिरणारा ड्रम आणि त्यावर आतून दाबले जाणारे शू. ते नीट बसवलेले असतील तर शहरात काहीच कमी पडत नाही. फिरता ड्रम शूला स्वतःच आपल्याकडे ओढतो, म्हणून बूस्टरशिवायही (पायाचा जोर वाढवणारा भाग) पायडल हलकं लागतं.

खरी अडचण घाटात. खंडाळा उतरताना सतत ब्रेक दाबला की ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो आणि पायडल खोल जाऊ लागतं. पावसात ड्रममध्ये पाणी शिरलं, तर लायनर (शूवरचं घासणारं अस्तर) वाळेपर्यंत पकड येत नाही. डिस्क ब्रेकची चकती उघडी असल्यामुळे लवकर थंड होते, पाणीही फेकून देते.

पण नुसती डिस्क आणि कॅलिपर (पॅडने डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारा भाग) बसवून भागत नाही. कॅलिपरला जास्त ब्रेक ऑईल लागतं, म्हणून पायडलने ते ढकलणारा मास्टर सिलिंडर त्याच्या मापाचा हवा. डिस्क स्वतःहून ओढत नाही, तेव्हा बूस्टर जवळजवळ आलाच. ड्रमच्या लाइनमध्ये दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह तसाच राहिला, तर पॅड डिस्कला घासत राहतात आणि चाक तापतं; बरेचजण इथेच फसतात. मागचे ड्रम हँडब्रेकसाठी राहू द्या.

ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी ड्रम उघडा. शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरची बकेट (रबरी सील) गळून लायनर ऑईलने भिजलेला दिसला, तर बकेट आणि त्या अॅक्सलचे चारही शू बदला. जुन्या लायनरच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतं, हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

फक्त शहरात फिरणाऱ्या गाडीला आम्ही ड्रमच ठेवू.