मेस्त्रेत राहून व्हेनिस बघितलं, चार रात्रीचा सगळा हिशोब

दिवाळीच्या सुट्टीत आई, मी आणि धाकटा भाऊ असे तिघं लातूरहून इटलीतल्या व्हेनिसला जाऊन आलोत. चार रात्री राहिलोत. आल्यापासून शाळेत, गल्लीत, पाहुण्यात सगळे एकच विचारायलेत, किती लागले आणि एवढ्यात कसं भागलं, म्हणून एकदाच नीट लिहून काढते.

पहिलं सांगते ते राहण्याचं. बेटावर, म्हणजे पाण्यातल्या मूळ व्हेनिसमध्ये, रूम घेऊ नका, मेस्त्रेत घ्या. मेस्त्रे म्हणजे पाण्याच्या अलीकडचं, जमिनीवरचं गाव, महापालिका दोघांची एकच. स्टेशनवर रेल्वेत बसलं की दहा-बारा मिनिटात पुलावरून बेटावरचं सांता लुचिया स्टेशन, तिकीट दीड युरोच्या आसपास. आम्हाला तीन कॉटची रूम एका रात्रीला ९५ युरोला पडली, त्याच तारखांना बेटावर तशीच रूम बघितली तर दुप्पट सांगत होते. सिटी टॅक्स वरून माणशी द्यावा लागतो, तो बुकिंगच्या पैशात धरलेला नसतो, तेवढं लक्षात ठेवा. आणि मेस्त्रेत राहायचा मोठा फायदा म्हणजे बॅगा. बेटावर चारशेच्या वर पूल आहेत आणि जवळपास सगळ्यांना पायऱ्या, गाडी नाही, रिक्षा नाही, लोक मोठमोठ्या बॅगा दोन्ही हातांनी उचलून पुलावर चढवताना बघून आईलाच कसंतरी झालं. आमच्या बॅगा रूमवर, खांद्याला एक पिशवी, बास.

रूमबद्दल तक्रार एकच पण ती मोठी आहे. बुकिंगमध्ये किचन वापरता येईल असं स्पष्ट लिहिलेलं होतं, त्याच्या भरवशावर आम्ही तांदूळ, मुगाची डाळ, येसर असं सगळं नेलं. गेल्यावर कळलं की किचनला रात्री आठला कुलूप. दिवसभर फिरून माणूस आठच्या आत येणार कसं? पहिल्या रात्री घरून नेलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी गार गारच खाल्ली. काउंटरवरच्या मुलीनं पाणी तापवायची किटली दिली, ती बिचारी चांगली होती, पण नियम तिच्या हातात नव्हता. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला उठून खिचडी करून डब्यात भरायला लागलोत. जागेचं नाव लिहीत नाही, पण तुम्ही किचन बघून रूम घेणार असाल तर किती वाजेपर्यंत उघडं असतं हे आधी लिहून विचारा. नेण्यावरून अजून एक, तूप, पेढे, खवा असलं काही घेऊ नका, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मटणाचे पदार्थ न्यायला बंदी आहे.

फिरण्याचं सांगते. पाण्यावरची बस असते, तिला वापोरेत्तो म्हणतात. ७५ मिनिटांचं एक तिकीट ९.५० युरो, म्हणजे आपले हजार रुपये गेले की हो, आणि २४ तासांचा पास २५ युरो. आम्ही चार दिवसांत एकच दिवस पास काढला आणि तो पुरेपूर वसूल केला, सकाळी मुरानो आणि बुरानो ही बेटं, संध्याकाळी १ नंबरची बोट. ही १ नंबर मोठ्या कालव्यातून हळूहळू जाते, प्रत्येक थांब्यावर थांबत, कधी या काठाला कधी त्या काठाला, आणि दोन्ही बाजूला ते जुने वाडे, पाण्याला टेकलेले दरवाजे, शेवाळलेल्या पायऱ्या. पियाझाले रोमा या थांब्यावर बसा, बोट तिथूनच सुटते, उघड्यावरची सीट मिळते. पास मशीनला दर वेळी लावायचा, विसरलं तर दंड. बाकीचे तीन दिवस पायी. आईचे गुडघे दुखतात म्हणून सकाळपासून दुपारी एकपर्यंत फिरायचं, मग एखाद्या चौकात बाकावर दोन तास बसायचं असं केलं, आणि खरं सांगते, त्या बसण्यातच जास्त बघायला मिळालं.

त्याच बसण्यात पाण्याचे जुने आड दिसले. सान पोलोच्या मागं एक लहान चौक आहे, फरशी घातलेला, मधोमध दगडी कठडा, वर लोखंडी झाकण. आई उठून जवळ गेली, कठड्याच्या काठावरून हात फिरवला आणि म्हणली, अगं हे बघ, दोराच्या खाचा. खरंच बोटभर खोल खाचा, आपल्या गावच्या आडाला असतात तशाच, पोहरा ओढून ओढून पडलेल्या. मग मी वाचून काढलं तर असं की चारी बाजूनं पाणी पण सगळं खारट, पिण्याचं पाणी बेटावर नाहीच, म्हणून शेकडो वर्षं या लोकांनी पाऊस साठवला. चौकाच्या खाली चिकणमातीनं लिंपलेला मोठा हौद, त्यात वाळू भरलेली, मधे विटांचा आड. पाऊस पडला की पाणी फरशीतल्या दगडी भोकातून खाली जाणार, वाळूतून गाळत गाळत मधल्या आडात येणार आणि तिथून पोहऱ्यानं वर. ती भोकं अजून दिसतात, कठड्याच्या भोवती शोधा. पाऊस कमी झाला की ब्रेंता नदीचं पाणी बोटीनं आणायचे. १८८४ ला जमिनीवरून पाइपलाइन आली तेव्हा कुठं सुटका झाली.

२०१६ ला मिरजेहून आपल्या लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी घागरी घेऊन रांगेत उभी होते. त्यामुळं बोटीनं पाणी आणायचे हे वाचलं आणि अंगावर काटा आला. सान मार्कोचा चौक, १५९१ चा रिआल्तोचा पूल हे सगळं छानच आहे, बघाच, पण मला विचाराल तर हे आड बघितल्याशिवाय येऊ नका. फुकट आहेत आणि जवळपास प्रत्येक चौकात आहेत. आता चौकाचौकात पिण्याच्या पाण्याचे नळ पण आहेत, बाटली भरून घ्या, विकत घ्यायची गरज नाही.

गोंडोला. सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, पूर्ण बोटीचा. आम्ही नाही घेतला. त्याऐवजी त्राघेत्तो नावाची सोय आहे, जुना गोंडोलाच, फक्त मोठा कालवा ओलांडून देतो, माणशी २ युरो. सांता सोफियाहून रिआल्तोच्या मासळी बाजाराकडं गेलोत. आईनं माझा दंड घट्ट धरला होता आणि मधोमध गेल्यावर सोडला, दोन मिनिटं पण नसतील, पण ती अजून सगळ्यांना तेच सांगायली.

खाण्याचं थोडक्यात. कॉफी काउंटरला उभं राहून घेतली तर स्वस्त, टेबलावर बसलं की भाव वेगळा. हॉटेलात बिलात कोपेर्तो म्हणून बसायचे वेगळे पैसे लावतात, मेनू कार्डावर खाली बारीक लिहिलेलं असतं. शाकाहारी माणसाचं पिझ्झ्याच्या तुकड्यावर आणि मेस्त्रेच्या सुपरमार्केटमधल्या ब्रेड-फळांवर आरामात निघतं. सान मार्कोत पायरीवर बसून डबा उघडू नका, दंड आहे, कबुतरांना दाणे टाकायला पण बंदी आहे.

एप्रिल ते जुलैमध्ये जाणार असाल तर ठरावीक दिवशी शहरात शिरायची फी असते, २०२५ ला आधी काढली तर ५ युरो, ऐनवेळी १० होती. मेस्त्रेत मुक्काम असला तर माफ, पण माफीचा कोड ऑनलाइन काढून ठेवावा लागतो. आम्हाला दिवाळीत ती भानगड नव्हती.

व्हिसाची फी ९० युरो, वर सेंटरचा चार्ज, विमा कमीत कमी ३० हजार युरोचा लागतो, आणि बोटांचे ठसे द्यायला रात्रीच्या रेल्वेनं मुंबई गाठलेली. विमान धरून सगळं मिळून माणशी ९३ हजारांत बसलं, त्यातले ५३ तर विमानाचेच.

व्हेनिस, बोट, चालणं सगळ्याला पूर्ण मार्क, रूमला मात्र पाचपैकी तीनच. किचनबद्दल आल्यावर मेल केलाय, अजून उत्तर नाही. आलं की इथंच खाली लिहीन.