पत्त्यांसाठी वेस्टर्न पाहायचा असेल तर कोणता निवडावा?

वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या पश्चिम भागात घडणाऱ्या चित्रपटात सलून, म्हणजे दारूचा गुत्ता, आले की पत्त्यांचे टेबल येतेच; परंतु त्या टेबलावर खरोखर डाव रंगला आहे की गोळीबाराला निमित्त हवे म्हणून चार माणसे बसवली आहेत, हे सुरुवातीला ओळखता येत नाही. पत्त्यांच्या आवडीपोटीच एखादा वेस्टर्न पाहू इच्छिणाऱ्यासमोर मुख्यतः चार पर्याय आहेत: ‘अ बिग हँड फॉर द लिटल लेडी’ (१९६६), ‘फाइव्ह कार्ड स्टड’ (१९६८), ‘टूमस्टोन’ (१९९३) आणि ‘मॅव्हरिक’ (१९९४). त्यांतून निवड करताना माझी कसोटी एकच आहे: कथेला वळण पानांमुळे मिळते की पिस्तुलामुळे?

या कसोटीवर १९६६चा चित्रपट इतरांच्या बराच पुढे आहे. टेक्सासमधील लरेडो गावी परिसरातील धनाढ्य मंडळी वर्षातून एकदा पोकर या पैसे लावून खेळायच्या पत्त्यांच्या खेळासाठी जमतात. बायको आणि मुलासह शेत विकत घ्यायला निघालेला, जुगार सोडलेला एक गृहस्थ (हेन्री फोंडा) गाडी मोडल्यामुळे तेथे अडकतो आणि न राहवून शेतासाठी साठवलेली पुंजी घेऊन टेबलाशी बसतो. अखेरीस त्याला अशी पाने येतात की ती टाकवत नाहीत, आणि बोली इतकी चढते की तिला उत्तर द्यायला पैसे उरत नाहीत. त्याच क्षणी तो कोसळतो आणि पोकरचा गंध नसलेली त्याची पत्नी (जोअॅन वुडवर्ड) तीच पाने घेऊन डाव पुढे चालवते. ही पाने तारण ठेवून ती बँकवाल्याकडे कर्ज मागते, या एका प्रसंगासाठीही चित्रपट पाहावा. चित्रपटाचा बराचसा भाग एकाच खोलीत घडतो आणि तरीही ताण ओसरत नाही.

येथे नियमांची एक बाब लक्षात ठेवणे उपयोगी ठरेल. आजच्या कॅसिनोत ‘टेबल स्टेक्स’चा नियम असतो, म्हणजे डाव सुरू होताना खेळाडूपुढे जेवढी रक्कम असेल तेवढ्यापुरताच तो बांधील असतो, आणि पैसे संपले या कारणाने त्याला पाने टाकावी लागत नाहीत. लरेडोच्या त्या खोलीत हा नियम नाही. त्यामुळे ज्याचा खिसा खोल तो केवळ बोली वाढवून दुसऱ्याला पॅक करायला, म्हणजे पाने टाकून डाव सोडायला लावू शकतो, आणि कथेचा सारा पेच यावरच उभा आहे. गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती खेळलेल्या वाचकाला ही कोंडी समजावून सांगावी लागणार नाही. त्याने एवढेच ध्यानात ठेवावे की तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने येणारी पाने) कलरपेक्षा (एकाच चिन्हाची पाने) वरचढ असला तरी पोकरमध्ये क्रम उलटा आहे. पाच पानांत कलर ५,१०८ प्रकारे आणि सिक्वेन्स १०,२०० प्रकारे येऊ शकतो. तीन पानांत मात्र सिक्वेन्सचे ७२० आणि कलरचे १,०९६ प्रकार होतात. जे दुर्मीळ ते मोठे, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे.

‘मॅव्हरिक’ची जातकुळी वेगळी आहे. मेल गिब्सनच्या नायकाला नदीवरील जहाजात होणाऱ्या पोकर स्पर्धेत उतरायचे आहे. प्रवेश फी २५,००० डॉलर, बक्षीस ५ लाख, आणि त्याला ३,००० डॉलर कमी पडतात. ही रक्कम जमवण्याची खटपट हाच चित्रपटाचा मोठा भाग असून तो खुसखुशीत आहे. जोडी फॉस्टर आणि याच नावाच्या १९५७च्या मूळ दूरचित्रवाणी मालिकेतील नायक जेम्स गार्नर यांची साथ असल्याने घरच्या सर्वांसोबत पाहायला चौघांपैकी हाच सोयीचा. परंतु शेवटच्या डावात एकाच वेळी टेबलावर जी पाने उतरतात, ती पाहून नेहमी खेळणारा माणूस हसल्याशिवाय राहणार नाही. वाटलेल्या पाच पानांत रॉयल फ्लश (एकाच चिन्हाची दश्शीपासून एक्क्यापर्यंतची पाने) येण्याची शक्यता ६,४९,७४० मध्ये एक असते, आणि पटकथा तेवढ्यावर थांबत नाही. १९६६चा चित्रपट पानांवरून प्रेक्षकाचे लक्ष माणसांच्या चेहऱ्यांकडे नेतो, १९९४चा पानांची आतषबाजी करतो; मला पहिली रीत अधिक पटते.

‘टूमस्टोन’ पाहायचा तो मुख्यतः फारोसाठी. त्या काळातील पश्चिमेकडच्या सलूनमध्ये पोकरपेक्षा हाच खेळ अधिक चाले, तरी बहुतेक चित्रपट त्याला विसरतात. पटावर तेरा पाने रंगवलेली असतात, त्यांवर पैसे लावले जातात, आणि पेटीतून दर वेळी दोन पाने निघतात: पहिल्या पानावरचे पैसे बँकेचे, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचे, दुसऱ्यावर लावणारा जिंकतो. दोन्ही पाने एकाच किमतीची निघाली तर त्या किमतीवर लावलेल्या पैशांपैकी निम्मे बँक घेते. सचोटीने खेळल्यास बँकेचा फायदा इतका थोडा असे की लबाडीच्या पेट्यांचा सुळसुळाट झाला. कथेचा नायक वायट अर्प टूमस्टोन गावातील ओरिएंटल सलूनमध्ये कमाईतील वाट्याच्या बदल्यात फारोचे टेबल ताब्यात घेतो, हा चित्रपटातील भाग इतिहासाला धरून आहे. त्याचा जुगारी मित्र डॉक होलिडे याच्या (व्हाल किल्मर) पोकरच्या प्रसंगांत मात्र पाने दुय्यम आणि जीभ मुख्य आहे. २६ ऑक्टोबर १८८१ची ओ. के. कोरालजवळची प्रसिद्ध बंदुकांची चकमक हा कथेचा कणा असल्याने येथे अखेर पिस्तुलच बोलते.

‘फाइव्ह कार्ड स्टड’ या नावाने फसू नये. लबाडी करणाऱ्या खेळाडूला टेबलावरचे इतर फाशी देतात आणि पुढे त्यांचेच एकेक करून खून होतात. डीन मार्टिन आणि रॉबर्ट मिचम असूनही ही रहस्यकथा आहे, आणि एक पान पालथे, चार उघडी अशा त्या खेळाची खरी गंमत तिच्यात फारशी उतरत नाही.

खेळापेक्षा जुगारी माणसात रस असणाऱ्याने या चौकडीबाहेर जाऊन रॉबर्ट ऑल्टमन यांचा ‘मॅकेब अँड मिसेस मिलर’ (१९७१) निवडावा. खाणकामगारांच्या चिखलाने भरलेल्या वस्तीत येऊन टेबलावर लाल कापड अंथरणारा मॅकेब (वॉरन बीटी) पत्त्यांवर जेवढा हुशार, तेवढाच मोठ्या कंपनीच्या माणसांशी सौदा करताना अजाण आहे; कोणती बोली नाकारू नये, हे त्याला टेबलाबाहेर उमगत नाही.