मुलांसाठी हालचालीचे व्हिडिओ गेम: काही महिन्यांच्या वापरानंतर

टीव्हीसमोर उभं राहून, अंग हलवत खेळायच्या या गेमनं मुलांची तब्येत सुधारते का, हे आधी सांगते. खेळताना व्यायाम होतो, नक्की होतो. पण किती होतो, ते कुठला गेम आहे आणि सोबत कोण खेळतंय यावर ठरतं.

आमच्याकडे एक नाचाचा गेम आहे, एक बॉक्सिंगचा आणि तिसरा 'रिंग फिट ॲडव्हेंचर', म्हणजे हातात लवचीक रिंग धरून व्यायाम करत पुढे जायचा गेम. बॉक्सिंगची युक्ती मुलाला लगेच सापडली. ठोसा मारायची गरजच नाही, सोफ्यावर बसून नुसतं मनगट झटकलं तरी गुण मिळतात! नाचातही कंट्रोलर, म्हणजे हालचाल टिपणारं रिमोटसारखं यंत्र, ज्या हातात, तेवढाच हात मोजला जातो. पाय जागचे हलले नाहीत तरी चालतं. रिंग फिटमध्ये मात्र एक सेन्सर मांडीला बांधलेला असतो, त्यामुळे उठाबशा काढायच्या तर खरोखर खाली बसावं लागतं. मुलगा तिथे घामाघूम होतो. मी एकच गोष्ट बघते: बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका दम लागला तर व्यायाम झाला.

नव्याची नवलाई ओसरली की खरी परीक्षा सुरू होते. एकटा असला की मुलगा बसून खेळायच्या गेमकडे वळतो. मी किंवा बाबा शेजारी उभे राहिलो की 'आई, तुझ्यापेक्षा जास्त करून दाखवतो' म्हणत पुन्हा सुरू! २०१२ साली 'पीडियाट्रिक्स' या बालआरोग्याच्या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ९ ते १२ वर्षांच्या मुलांना वी कन्सोल (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र) आणि हालचालीचे गेम दिले होते. बसून खेळायचे गेम मिळालेल्या मुलांपेक्षा त्यांची एकूण हालचाल काही वाढली नाही. आमच्या घरात जे दिसतं, त्याच्याशी हे अगदी जुळतं. न्यूझीलंडमध्ये वजन जास्त असलेल्या मुलांवर २४ आठवड्यांचा प्रयोग झाला, त्यात बीएमआयमध्ये (उंचीच्या मानानं वजन किती, त्या आकड्यात) फरक पडला, पण थोडाच.

मुलाच्या वजनात मला फरक दिसला नाही. मांड्यांत ताकद आली, तोल सुधारला, आणि मैदानावर जायला लाजणारा मुलगा घाम गाळायला लाजेनासा झाला. मला ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. तेवढा वेळ टीव्हीसमोर काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पळणं, पडणं, चेंडूचा अंदाज घेणं, ऊन, भांडणं, मैत्री हे सगळं मैदानातच मिळतं. पावसाळ्यात किंवा परीक्षेच्या दिवसांत हे गेम फार उपयोगी पडतात.

घ्यायचाच असेल तर पूर्ण अंग हलवायला लावणारा गेम घ्या, कंट्रोलरची दोरी मनगटात अडकवायला लावा आणि समोरचं टीपॉय आधी बाजूला करा. रोज संध्याकाळी वीस मिनिटं तुम्हाला स्वतःला उभं राहणं जमणार नसेल, तर त्या पैशांत सायकल घ्या.