बेने इस्रायली आई-वडिलांसाठी इस्रायलमध्ये काय घ्यावं: मेटापेलेत, मेरकाझ योम की केहिला तोमेखेत?

लोद, अश्दोद, दिमोना, बीरशेबा इथल्या बेने इस्रायलींच्या, म्हणजे महाराष्ट्रातून आलेल्या मराठी ज्यूंच्या घरांत हा प्रश्न हमखास येतो: आईला एकटं ठेववत नाही आणि वृद्धाश्रमही नको.

पहिल्या दोन सोयींचा, म्हणजे घरी येणारी मदतनीस आणि दिवसाचं केंद्र यांचा, खर्च बितुआह लेउमीच्या (राष्ट्रीय विमा संस्थेच्या) ‘सिउद’ म्हणजे शुश्रूषा भत्त्यातून निघतो. निवृत्तीचं वय झालेलं हवं, माणूस घरी राहणारा हवा, उत्पन्न मर्यादेत हवं. 2018 पासून याच्या 6 पातळ्या आहेत: पहिलीला आठवड्याला मदतीचे 5.5 तास, सहावीला 30 पर्यंत. घोळ होतो तो मदतीची गरज किती हे ठरवणाऱ्या तपासणीत. पाहायला कोणी येणार म्हणून आजी ठेवणीतली साडी नेसतात आणि ‘सगळं माझं मीच करते’ म्हणतात. गुण तिथेच जातात. अंघोळ, कपडे, जेवण, घरात चालणं-पडणं, लघवी-शौच यांत कुठे हात द्यावा लागतो ते आधीच्या दोन आठवड्यांत लिहून ठेवा. हिब्रू नीट बोलणारं घरचं कोणीतरी त्या वेळी हजर असू द्या.

मेटापेलेत म्हणजे घरी येणारी मदतनीस. अंघोळ, कपडे जमत नसतील तर तिला पर्याय नाही. पण आठवड्याला 10 तास मिळाले तरी ते रोजचे जेमतेम दोन. बाकी दिवस एकटेपणाच. विसराळूपणा वाढला की बऱ्याचदा नंतर शिकलेली हिब्रू आधी विसरते, मराठी टिकते. अशा वेळी मराठी येणारी बाई मागून पाहाच.

मेरकाझ योम हे दिवसाचं केंद्र. गाडी नेते-आणते, गरम कोशर जेवण मिळतं, सोबत मिळते. एका दिवसाला भत्त्यातले साधारण 2.75 तास कापले जातात, म्हणजे पहिल्या पातळीत बरोबर दोन दिवस. गाडीत चढता येत असेल तर आमचं मत आधी इथे. जेवण मिळमिळीत लागेल, त्याला इलाज लोणच्याची बाटली! तिश्री या ज्यू महिन्यात (सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास) सणांमुळे केंद्र वरचेवर बंद असतं. तेव्हाची सोय आधीच लावा.

केहिला तोमेखेत, म्हणजे आधार देणारा समुदाय, ही सोय स्वस्त, मासिक वर्गणीची: संकटाचं बटण, डॉक्टर बोलावण्याची सोय, कार्यक्रम आणि नळ-बल्ब दुरुस्तीपासून विचारपूशीपर्यंत सगळं पाहणारा ‘आव केहिला’ (समुदायाचा पालक). अंघोळ-कपड्यांसारखी शारीरिक शुश्रूषा यात नाही, म्हणून धडधाकट पण एकट्या माणसालाच पुरते. बटण गळ्यात हवं, खुंटीवर नको. पडणं न्हाणीघरातही होतं. शब्बाथला (शनिवारच्या विश्रामदिनी) ते दाबायला आजोबा कचरतील. जीव वाचवायला शब्बाथ मोडता येतो, हे त्यांना हाज्जानकडून (सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणणाऱ्याकडून) किंवा रब्बीकडून सांगवा.