घरच्या लेआउटवर चालवण्यासाठी जुनी मेर्कलिन घ्यावी की हॉर्नबी डब्लो?

जुन्या मॉडेल रेल्वेगाड्या काचेच्या कपाटात मांडून ठेवायच्या असतील, तर डोळ्यांना जी भावेल ती घ्यावी. त्यात तुलना करण्यासारखे फारसे काही नाही. हा आढावा त्या गाड्या घरच्या लेआउटवर, म्हणजे कायम मांडलेल्या छोट्या रेल्वेमार्गावर, नियमितपणे चालवू इच्छिणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यातही दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंधरा-वीस वर्षांतली तीन रुळांची गाडी घ्यायची एवढे पक्के करून जर्मनीची मेर्कलिन आणि ब्रिटनची हॉर्नबी डब्लो यांच्यात अडून बसलेल्यांसाठी आहे. दोन्ही पद्धतींची इंजिने माझ्याकडे आहेत आणि दोन्ही मी बरीच वर्षे चालवत आलो आहे, त्यामुळे पुढचे मत मोजमापांवर नव्हे, तर हाताळणीवर बेतलेले आहे हे आधीच सांगतो.

तीन रुळांचाच आग्रह का, हे थोडक्यात सांगायला हवे. वीज मधल्या तिसऱ्या रुळातून येते आणि बाजूंच्या रुळांतून परत जाते. दोन्ही बाजूंचे रूळ विजेच्या दृष्टीने एकच असल्यामुळे गाडी वळसा घेऊन त्याच मार्गावर उलट दिशेने परत आणली, तरी शॉर्ट सर्किट होत नाही. दोन रुळांच्या मांडणीत अशा वळशासाठी वेगळे वायरिंग करावे लागते. शिवाय डाव्या-उजव्या चाकांना विजेच्या दृष्टीने एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची गरज नसल्यामुळे जुनी धातूची चाके आहेत तशी चालतात. हे दोन्ही फायदे मेर्कलिनमध्ये आहेत आणि तीन रुळांच्या डब्लोमध्येही आहेत. १९५९ पासून डब्लोची दोन रुळांचीही गाडी निघू लागली. ती या आढाव्यात धरलेली नाही.

दिसण्याच्या बाबतीत निवाडा आवडीवर सोडणे बरे. दोन्हींच्या रुळांतले अंतर १६.५ मिलिमीटरच असले, तरी मेर्कलिन १:८७ या प्रमाणात आणि डब्लो १:७६ या प्रमाणात बांधलेली असल्यामुळे डब्लोचे इंजिन रुळांच्या मानाने भरदार वाटते. मेर्कलिनचे ओतीव काम अधिक रेखीव आहे, हे मान्य करावेच लागेल. ‘क्रोकोडाइल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लांब नाकाच्या स्विस विद्युत इंजिनाचे त्यांचे प्रारूप हातात घेतले, की त्या कारखान्याच्या कारागिरीबद्दल वेगळे काही सांगावे लागत नाही. रुळांचे रूपही मेर्कलिनचेच सरस आहे, कारण १९५० च्या दशकात त्यांनी मधला सलग रूळ काढून टाकून त्याजागी स्लीपरांमधून जेमतेम डोकावणाऱ्या बारीक खुंट्या आणल्या. डब्लोचा मधला रूळ शेवटपर्यंत ठळक दिसत राहिला. ज्यांना गाडीचे छायाचित्र घ्यायचे असते, त्यांना तो खुपतो. गाडी चालू असताना मला तो जाणवत नाही.

आता ज्या एका गोष्टीमुळे माझा कल ठरला, तिच्याकडे वळतो. ती आहे इंजिन उलट दिशेने घेण्याची.

मेर्कलिनचे इंजिन सुमारे १६ व्होल्टपर्यंतच्या एसीवर चालते. एसीमध्ये प्रवाहाची दिशा सतत बदलत असल्यामुळे इंजिनाने पुढे जायचे की मागे, हे रुळांतून सांगता येत नाही. ते इंजिनाच्या पोटातला रिले, म्हणजे विजेच्या झटक्याने पलटणारा स्विच, ठरवतो. ट्रान्सफॉर्मरची मूठ शून्याच्याही पलीकडे, डावीकडे नेली, की क्षणभर २४ व्होल्टचा झटका रुळांत जातो, रिलेची कॉइल तिच्या नाजूक स्प्रिंगवर मात करते आणि प्रवाह मोटरच्या एका फील्ड कॉइलकडून (चुंबकक्षेत्र निर्माण करणाऱ्या वेटोळ्याकडून) दुसरीकडे वळतो. कल्पना चतुर आहे आणि रिले नवा असताना ती उत्तम चालतही असणार. पण साठ-सत्तर वर्षांनी त्या स्प्रिंगचा ताण मूळचा राहिलेला नसतो, आणि रिलेचे सगळे काम त्या ताणावरच अवलंबून असते.

तीन आसांचे छोटे टँक इंजिन (पाणी-कोळसा स्वतःवरच वाहणारे इंजिन) डब्यापासून बोटभर अंतरावर उभे आहे, असे समजा. ते मागे घेण्यासाठी मूठ डावीकडे नेली, की आधी दिवे एकदम लख्ख होतात, मग आतून ‘टक्’ असा आवाज येतो. मात्र रिले पलटण्यापूर्वीच्या त्या निमिषात तेच २४ व्होल्ट मोटरलाही मिळालेले असतात, त्यामुळे इंजिन आधीच्याच दिशेने उसळी घेऊन समोरच्या डब्यावर आदळते आणि त्यानंतर मागे येते. स्प्रिंग ताठ असेल तर ही उसळी मोठी होते, कधी रिले पलटतच नाही आणि मूठ पुन्हा पुन्हा फिरवावी लागते. उलट ती ढिली पडली असेल, तर गाडी भरवेगात असताना रिले आपल्या आपण पलटतो आणि मागच्या डब्यांसकट सगळे रुळांवरून खाली येते. स्प्रिंग ज्या पत्र्याच्या आकड्याला अडकवलेली असते, तो चिमट्याने केसभर वाकवून ताण जुळवता येतो. मी तो जुळवत असतो, आणि जुळला की काही काळ समाधानही मिळते. परंतु प्रत्येक इंजिनाचा ताण वेगळा लागतो, आणि एका इंजिनाला मानवणारा झटका दुसऱ्याला पुरत नाही. त्यात जुने ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टसाठी बांधलेले असल्यामुळे २३० व्होल्टच्या वीजपुरवठ्यावर तो झटका २४ व्होल्टच्याही वर जातो. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या वायरींचे आवरण कडक होऊन तडकलेले असते, हा धोका तर वेगळाच.

गाडी नुसती गोल फिरवत ठेवायची असेल, तर हा त्रास दिवसातून एखाद्या वेळी जाणवेल आणि सोडून देता येईल. मला मात्र शंटिंगमध्ये अधिक रस आहे. डबे वेगळे काढणे, सांध्यावरून बाजूच्या मार्गावर नेणे, पुन्हा जोडणे या कामात दर अर्ध्या मिनिटाला दिशा बदलावी लागते, आणि तिथे प्रत्येक वेळी उसळी सहन करणे माझ्याच्याने होत नाही. रिले काढून त्याजागी दिशा बदलणारा इलेक्ट्रॉनिक स्विच किंवा डिकोडर (डिजिटल आज्ञा ओळखणारा इलेक्ट्रॉनिक भाग) बसवला, की हा दोष जातो. अनेक जाणकार तसे करतातही. परंतु इतकी वर्षे शाबूत राहिलेल्या इंजिनातून त्याचा मूळ भाग काढायला माझे मन धजावत नाही.

डब्लोमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही. तिच्या मोटरमध्ये कायमचा चुंबक आहे आणि ती १२ व्होल्टच्या डीसीवर चालते, त्यामुळे कंट्रोलरवर प्रवाहाची दिशा बदलली, की इंजिनाची दिशा बदलते. ०-६-२ रचनेचे (सहा चालक चाके आणि मागे दोन चाके असलेले) टँक इंजिन डब्याला अलगद टेकते, थांबते आणि कंट्रोलरचा दांडा मधून पलीकडे नेला, की तितक्याच सावकाश मागे सरकू लागते. शंटिंग करणाऱ्याला याहून अधिक काही नको असते. शिवाय जुना ट्रान्सफॉर्मर वापरण्याची सक्ती नाही. साधा, गुळगुळीत डीसी देणारा कोणताही चांगला आधुनिक कंट्रोलर चालतो. मेर्कलिनला मात्र उलटण्याचा झटका देणारा खास ट्रान्सफॉर्मरच लागतो. दोन्ही पद्धती घरात असतील, तर मेर्कलिनचा ट्रान्सफॉर्मर डब्लोच्या रुळांना चुकूनही जोडला जाणार नाही याची काळजी घ्यावी. एसीवर डब्लोची मोटर फिरत नाही, नुसती गुणगुणत तापते.

डब्लोची दुखणी नाहीत असे नाही, आणि त्यांतले सर्वांत मोठे त्या चुंबकाचेच आहे. जुन्या इंजिनांतला, विशेषतः नालेच्या आकाराचा चुंबक काळाच्या ओघात क्षीण होतो. अशा इंजिनाची फसगत करणारी खूण म्हणजे ते एकटे असताना भलतेच वेगाने धावते. मात्र डबे जोडले की दम टाकते, जास्त प्रवाह खेचते आणि तापते. मोटर उघडून आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) बाहेर काढताना चुंबकाच्या दोन्ही टोकांना पोलादाचा तुकडा लावून ठेवला नाही, तर चांगला चुंबकही शक्ती गमावतो. आधीच्या एखाद्या मालकाने असे केलेले असण्याची शक्यता नेहमीच असते. पण यावर इलाज आहे, आणि तो टिकतो. पुनर्चुंबकन करणाऱ्या उपकरणात मोटर ठेवली, की काम क्षणात होते आणि नीट सांभाळल्यास पुढे अनेक वर्षे पाहावे लागत नाही. रिलेच्या स्प्रिंगसारखे ते पुन्हा पुन्हा जुळवत बसावे लागत नाही. मेर्कलिनच्या मोटरमध्ये कायमचा चुंबकच नसल्यामुळे ती या दुखण्यापासून मुक्त आहे, हेही तितकेच खरे.

सुट्या भागांच्या बाबतीत मेर्कलिन निःसंशय पुढे आहे. जर्मनीतल्या ग्योपिंगेनचा तो कारखाना आजही त्याच नावाने चालतो आणि जुन्या मोटरींचे ब्रश, एक कार्बनचा आणि दुसरा तांब्याच्या जाळीचा, अजून नवे मिळतात. डब्लो बनवणारी लिव्हरपूलची मेकॅनो कंपनी १९६४ मध्ये लाइन्स ब्रदर्स या ब्रिटिश खेळणी कंपनीच्या ताब्यात गेली आणि तीन रुळांची गाडी तिथेच संपली. तिचे भाग आता हौशी कारागिरांकडून किंवा मोडक्या इंजिनांतून मिळवावे लागतात. मेर्कलिनच्या त्याच जुन्या पत्र्याच्या रुळांवर त्यांची आजची गाडीही धावते, ही सोय डब्लोला नाही. ज्यांना पुढे संग्रह वाढवत नव्या गाड्याही घ्यायच्या आहेत, त्यांनी या मुद्द्याला माझ्यापेक्षा अधिक वजन द्यावे. जागेचा विचार केला, तर फरक किरकोळ आहे: मेर्कलिनच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या ३६० मिलिमीटर, तर डब्लोची १५ इंच. पोकळ पत्र्यामुळे आवाज दोन्हींचा होतो, मेर्कलिनचा माझ्या कानांना थोडा जास्त वाटतो. रुळांखाली बुचाचा किंवा नमद्याचा थर दिल्यास दोन्ही निवळतात.

विकत घेताना मेर्कलिनचे इंजिन निव्वळ धावते की नाही एवढे पाहून समाधान मानू नये. ते थंड असताना आणि चांगले तापल्यावर, अशा दोन्ही वेळी जागच्या जागी अनेकदा उलटसुलट करून पाहावे आणि उसळी किती येते ते नीट बघावे. डब्लोचे इंजिन तीन-चार डबे जोडून पाव तास तरी चालवावे. तापल्यावर वेग खूपच मंदावला, तर चुंबक क्षीण आहे असे समजून व्यवहार करावा. युद्धापूर्वीच्या मालाच्या जस्ताच्या ओतीव भागांवर बारीक तडे किंवा फुगवटा दिसला, तर तो कोणत्याही कंपनीचा असो, चालवण्यासाठी घेऊ नये, कारण मिश्रधातूतल्या शिशासारख्या अशुद्धीमुळे सुरू झालेला तो ऱ्हास थांबवता येत नाही.