वासरू ओढायची साखळी: चार स्टार, एक कापला तो कागदासाठी

साडेनऊशेला ऑनलाईन मागवली, दोन साखळ्या अन दोन हँडल. मागच्या वर्षी आमची पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच विणारी गाय, अडली तेव्हा गोठ्यातलीच सुती दोरी लावून चौघांनी ओढलं, वासराचा पाय मोडला आणि गाईचं अंग पंधरा दिवस वाहत होतं. तेव्हाच ठरवलं होतं.

परवा रात्री अकराला दुसऱ्या पहिलारूची पाणमोट फुटली, तास झाला तरी नुसते दोन खूर. डॉक्टर लांबच्या गावात, म्हणाले यायला तास लागंल, तोवर हात कोपरापर्यंत धुऊन आत बघा मुंडकं सरळ आहे का. दोन्ही पुढच्या पायांवर टेकलेलं होतं म्हणून बरं, मागं वळलेलं असतं तर मी साखळी लावलीच नसती.

साखळी उकळून घेता येते हा मोठा फायदा, दोरीत शेण मुरतं ते निघत नाही. फास खुराच्या वरच्या सांध्याच्या वर टाकायचा आणि अजून एक वेढा सांध्याच्या खाली, म्हणजे ओढ एकाच जागी बसत नाही, पाय मोडत नाही. हे मला फोनवर कळलं. पाकिटातल्या कागदावर एकच चित्र आणि त्यातपण एकच फास, अरे कुणाच्या गाईवर शिकायचं माणसानं? हँडलचा हुक पण बारका आहे, बुळबुळीत हातानं कडी दोनदा निसटली.

ओढायला मी आणि बायको, बस. गाय कळ देईल तेव्हाच, एकदा डावा पाय एकदा उजवा, ती थांबली की आपण थांबायचं, आणि डोकं बाहेर आलं की सरळ न ओढता खाली गाईच्या खुरांकडं. ट्रॅक्टरला दोरी बांधणारे बघितलेत मी, जाऊ दे.

वासरू आलं ते गपगार, जीभ सुजून निळी. चुलते म्हणाले उलटं टांग, नाही टांगलं, पोटाचा भार छातीवर येतो आणि श्वास अजून अडतो. नाकातोंडातला चिकटा बोटानं काढला, छातीवर बसवलं, पोत्यानं खसाखसा चोळलं आणि कडब्याची काडी नाकपुडीत फिरवली तेव्हा एकदम शिंकलं. बायको रडायलाच लागली. मग नाळेला टिंक्चर आयोडीन. सुजलेल्या जिभेनं सड धरता येईना म्हणून दोन तासाच्या आत दोन लिटर चीक बाटलीनं हळूहळू पाजला, शेजारी खरवसाला भांडं घेऊन आले होते त्यांना सांगितलं उद्या या.

डॉक्टर आले, जार (वासरामागून पडणारी वार) पडायची वाट बघत चहा घेतला, साखळी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले माझ्यासाठी पण एक मागवा. मागवलीय. स्टेनलेस लिहिलंय तरी हुकावर गंजाचा ठिपका आलाय, वाळवून ठेवा.